टाकी बंद केल्याचा दाखला

आमच्या घराला सेप्टिक टँक आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तो नेमका कुठे आहे, हे माहीत नव्हतं. आणि सभ्य घरांत ते माहीत नसावं अशीच एकूण योजना असते. आपलं यकृत कुठल्या बाजूला आहे याची चौकशी माणूस ते दुखायला लागल्यावर करतो. टाकी कधी दुखली नाही. निदान आमची तरी तशी समजूत होती.

नोटीस मंगळवारी आली. आणणारा माणूस ती दाराला चिकटवण्यासाठी खळ घेऊनच आला होता, आणि मी समोर उभा असताना, हात पुढे केलेला असताना, त्याने ती माझ्या डोळ्यांदेखत दारावर चिकटवली. "हातात देता आली असती," मी म्हणालो. "हातात दिली की लोक नाही म्हणतात," तो म्हणाला. "दार नाही म्हणत नाही." बत्तीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला आपल्याच दारासमोर उभं राहून, मान वाकडी करून, आपल्याबद्दलचा मजकूर वाचावा लागला.

मजकूर असा: 'सदर मिळकतीच्या हद्दीपासून तीस मीटरच्या आत सार्वजनिक मलवाहिनी उपलब्ध झाली असल्याने मिळकतधारकाने साठ दिवसांत जोडणी घ्यावी. जुनी टाकी रिकामी करून, तिच्या तळास भोक पाडून, ती वाळूने भरून, तसा दाखला प्राप्त करावा. टाकीवर कोणतेही बांधकाम असल्यास ते काढून टाकावे. कसूर झाल्यास मिळकत वास्तव्यास अयोग्य समजून पाणीपुरवठा तोडण्यात येईल.'

"वास्तव्यास अयोग्य," बायकोने मोठ्याने वाचलं. "हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. माझ्याकडे शिक्का नव्हता, एवढंच."

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, चष्मा लावून नोटीस वाचली. दोनदा वाचली. मग मागच्या आपल्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचा सगळा मूर्खपणा नीट दिसेल. टाकी ताईच्या खोलीखाली होती. अडतीस वर्षांपूर्वी, मी नोकरीसाठी परगावी असताना, आमच्या वडिलांनी घराच्या मागच्या अंगाला ताईसाठी ती खोली बांधली. ताईने लग्न केलं नाही, शिवणकाम केलं. गिऱ्हाइकांना यायला वेगळं दार हवं होतं. वडिलांनी परसात सगळीकडे पाहिलं, आणि एका ठिकाणी त्यांना चार पक्क्या भिंतींचा भक्कम चौकोन जमिनीत तयार मिळाला. काटकसरी माणूस. आयता पाया सोडवेना. त्यांनी टाकीवरच खोली उभी केली, फरशीत एक गोल लोखंडी झाकण ठेवलं, आणि झाकणावर शिलाई मशीन. एवढं करून त्यांनी कुणाला सांगितलं असेल तर ताईला; आणि ताई कुणाला काही सांगत नाही.

म्हणजे त्या मंगळवारी आमच्या घरात चार गोष्टी होत्या: नोटीस, ती वाचून गोंधळलेला मी, मला गोंधळलेला पाहून समाधान पावलेली बायको, आणि शहात्तर वर्षांची ताई, जिला एकटीला ठाऊक होतं की कागदावर लिहिलेलं 'बांधकाम' म्हणजे तिची दहा बाय दहाची खोली.

तिने शिवण चालू ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो. सरकारी माणसाला सरकारी कार्यालयात काही अडचण येत नाही, अशी माझी श्रद्धा होती. दोन नंबरच्या खिडकीत जोडणीचे अर्ज घेत होते.

"टाकी बंद केल्याचा दाखला?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"तो जोडणी झाल्यावर मिळतो ना?"

"जोडणी दाखला पाहून देतो आम्ही. टाकी चालू ठेवून लाइनही घेतली, तर दोन दोन सोयी होतात एका घराला. ते चालत नाही."

मी चार नंबरच्या खिडकीत गेलो. तिथे टाकी बंद करण्याचे अर्ज. तिथल्या गृहस्थांनी जोडणीची पावती मागितली. "जोडणी नसताना टाकी बंद केली, तर घरातली माणसं जाणार कुठे?" ते म्हणाले. हा मला मिळालेला पहिला माणुसकीचा प्रश्न होता. मी तो तसाच उचलून दोन नंबरला नेला.

बाईंनी तो ऐकून घेतला. "आधी टाकी बंद, मग जोडणी."

"आणि मधल्या काळात काय करायचं?"

"किती दिवसांचा काळ?"

"ते तुम्हीच सांगा."

"एकवीस दिवस. कामाचे."

"मग एकवीस दिवस माणसाने काय करायचं?"

बाईंनी नियमांची पुस्तिका काढली, दोन पानं चाळली आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "त्याबद्दल काही दिलेलं नाही."

वाट दाखवली ती तिथल्या शिपायाने. दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन खिडक्यांत द्यायचे. दोन्ही अर्जांत 'दुसरा अर्ज सादर केला आहे' असं लिहायचं. एक मिनिट जरी मागेपुढे झालं तर मागचा पडतो. म्हणून शुक्रवारी बायको आणि मी घड्याळं जुळवून गेलो. ती दोन नंबरला, मी चार नंबरला, मधे साठ-सत्तर माणसं. मी हात वर करायचा, की दोघांनी कागद आत सरकवायचे. मी हात वर केला. तो पाहून रांगेतल्या एका माणसाला वाटलं की मी त्याला बोलावतोय, तो आला, त्याला समजावून परत पाठवेपर्यंत बायकोचा अर्ज आत गेला होता आणि माझा बाहेर होता.

"तुमचा हात वर गेला की मी काम केलं," बायको जिन्यात म्हणाली. "तुमचा हात वर जाऊन काही होत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं."

पुढच्या शुक्रवारी जमलं. दोन्ही खिडक्यांनी दोन्ही अर्ज घेतले आणि दोन्ही खिडक्यांनी एकच त्रुटी काढली: टाकीची जागा दाखवणारा नकाशा जोडलेला नाही.

*

नकाशा म्हटल्यावर शेजारचे मोजणीवाले मागे राहणं शक्यच नव्हतं. गृहस्थ भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. कंबरेला अजून टेप असतो. रस्त्यात भेटले तरी आधी अंतर बघतात आणि मग नमस्कार करतात. ते होकायंत्र, दोरी आणि तीन खुंट्या घेऊन परसात आले.

"टाकी ही नेहमी उताराच्या दिशेला असते," ते म्हणाले. "घरापासून किमान दहा फुटांवर. शास्त्र आहे. तुमच्या वडिलांना शास्त्र कळत होतं?"

"काटकसर कळत होती."

"मग अकरा फुटांवर धरू."

अकरा फुटांवर खुंटी ठोकली. दोन गडी लावून खणलं. सहा फूट खाली जुनी चप्पल मिळाली, एका पायाची. मोजणीवाल्यांनी ती पाहून 'जवळ आलोय' असा निष्कर्ष काढला आणि दुसरी खुंटी ठोकली. दुसऱ्या खड्ड्यात आमची पाण्याची मुख्य नळी मिळाली. म्हणजे आधी पहार मिळाली नळीला, आणि मग नळी मिळाली आम्हाला. साठ दिवसांनी तोडायचं पाणी आम्ही पंधराव्या दिवशी स्वतःच तोडून दाखवलं. रस्त्यापलीकडचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. "विहीर काढताय वाटतं?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "पाणी तर लागलंय."

या सगळ्यात ताई दर दोन तासांनी चहा आणत होती. गड्यांना, मोजणीवाल्यांना, मला. कप ठेवायची, खड्ड्याच्या काठाशी उभी राहून आत बघायची, आणि म्हणायची, "खोल गेलाय."

मोजणीवाले खूश व्हायचे. "ताईंना समजतं," ते म्हणायचे.

तिसरा खड्डा त्यांनी आठ फुटांवर घेतला. "अजून थोडं पलीकडे बघा ना," ताई चहा ठेवत म्हणाली. "कुंपणाच्या बाजूला. मला आठवतंय तिकडेच काहीतरी होतं." उभ्या आयुष्यात ताई माझ्यादेखत खोटं बोललेली मी पाहिली नव्हती, त्यामुळे बोलली ते ओळखताही आलं नाही. खड्डा कुंपणाच्या बाजूला सरकला, आणि मोजणीवाल्यांचं स्वतःचं कुंपण तीन हात लांब आत कोसळलं. त्यानंतर त्यांनी माझ्याशी चार दिवस अंतर ठेवलं. मोजून.

पंचविसाव्या दिवशी नळवाला आला, फुटलेली नळी जोडायला. त्याने तीन खड्डे बघितले आणि डोक्याला हात लावला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. "टाकी शोधताय?" तो म्हणाला. "रंग आहे का घरात? कपड्यांचा?"

ताईकडे होता. तिने आणून दिला. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

नळवाल्याने रंग संडासात ओतला, दोन बादल्या पाणी सोडलं, आणि एक लोखंडी गज घेऊन नळीच्या वाटेने घरभर कान लावत चालला. न्हाणीघराच्या भिंतीशी थांबला. बाहेर गेला, तिथल्या चेंबरमध्ये रंगाचं पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते पाहिलं. ताईच्या दारात थांबला. आत शिरला आणि मशीनपाशी गुडघे टेकून त्याने फरशीवर गज आपटला.

आवाज पोकळ आला.

"मशीन सरकवा," तो म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली.

खोलीत मी, बायको, नळवाला आणि दाराशी मोजणीवाले होते. पोकळ आवाज ऐकून ते सगळं अंतर विसरून धावत आले होते. ताई मशीनच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं झबलं.

"वन्सं," बायको हळूच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"अडतीस वर्षं."

"आणि आम्ही तीन खड्डे खणले ते?"

"चांगले खणलेत," ताई म्हणाली. "मी काही बोलले का?"

"अगं पण ताई, टाकी उपसावी लागते मधूनमधून! ती कोण उपसत होतं इतकी वर्षं?"

"तू लग्नांना जायचास तेव्हा टँकर बोलवायची मी. पाच वेळा झालंय. एकदा तुझ्या साडूच्या मुलीचं, एकदा…"

ताईला लग्नातली गर्दी सोसत नाही अशी आमची इतकी वर्षं समजूत होती. मी प्रत्येक लग्नात लोकांना तसं सांगत आलो होतो. बायको तर हळव्या आवाजात सांगायची.

मी मशीन सरकवलं नाही. ताईने स्वतःच उठून सरकवलं. झाकण गंजलेलं होतं, कडा मात्र साफ होत्या. रोज केर काढताना कुणीतरी निगुतीने पुसलेल्या. "तुला सांगितलं असतं तर तू पाडली असतीस," ती म्हणाली. रागाने नाही, भाव सांगितल्यासारखं.

*

टाकीचा नकाशा दोन्ही अर्जांना जोडला, त्यावर निरीक्षक येऊन पाहून गेला. वयाने तरुण, बोलायला मऊ, आणि त्यामुळे वाईट. "नियमात दोन गोष्टी आहेत," तो म्हणाला. "टाकीच्या तळाला भोक पाडून वाळू भरलेली मला दिसली पाहिजे. आणि वर बांधकाम नसलं पाहिजे. आता खोली जर टाकीला धक्का न लावता राहत असेल, भरून झाल्यावर वरची फरशी पक्की असेल, तर मी 'बांधकाम टाकीलगत' असं लिहू शकतो. लगत चालतं. वर चालत नाही. पण तळ मला फुटलेला हवा."

म्हणजे खोली वाचायची एक फट निघाली. अठरा इंचांची, झाकणाच्या तोंडाएवढी.

बावन्नाव्या दिवशी टाक्या उपसणाऱ्यांचा मुकादम टँकर घेऊन आला. पाणी ओढून घेतलं. दीड तास ते यंत्र खोलीच्या दारात घुरघुरत होतं, आणि त्या वासाबद्दल मी एवढंच सांगेन की मोजणीवाल्यांनी अंतर न मोजताच ते वाढवलं. पाणी संपल्यावर मुकादमाने काठी आत घालून हलवली.

"खाली गाळ घट्ट बसलाय. दोन फूट. पाइपने येत नाही. आणि तळ फोडायचा म्हणजे हातानेच." तो माझ्याकडे वळला. "दोन रस्ते आहेत, साहेब. एक, ही मागची भिंत पाडायची, फरशी उचलायची, यंत्र आत घालायचं. मग खोली गेली. दुसरा, माणूस उतरतो झाकणातून, गाळ भरून देतो, तळाला भोक पाडतो, वर येतो. अर्ध्या दिवसाचं काम. खोलीला ओरखडा नाही."

"माणूस उतरवायला बंदी आहे ना?" मी म्हणालो.

"बंदी लिहिलेली आहे," मुकादम म्हणाला. "आपला उतरणारा माणूस लिहिलेला नाही."

उतरणारा माणूस दारात उभा होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, शांत. हातात दोर. दोर स्वतःच्या कंबरेला बांधून दुसरं टोक कुणाकडे द्यावं ते बघत होता.

आत किती खोल आहे ते मी पाहावं असं मला वाटलं. हे का वाटलं ते मला आजही सांगता येणार नाही. घरमालकाने काहीतरी पाहिलं पाहिजे अशी एक भावना असते. मी टॉर्च घेतली, गुडघ्यांवर बसलो, झाकणाच्या तोंडाशी वाकलो आणि म्हणालो, "फार काही…"

एवढंच म्हणालो. त्यानंतरची तीन मिनिटं माझ्याजवळ नाहीत. ती इतरांकडून जमवावी लागली. मी पुढे कलंडलो तेव्हा उतरणाऱ्या माणसाने माझी कॉलर धरली आणि मला अंगणात ओढत नेलं. शुद्धीवर आलो तेव्हा वर आकाश, आणि आकाशाच्या कडेने डोकी. मोजणीवाले म्हणत होते, "डोकं उत्तरेकडे आहे, पाय वर करा." बायको माझ्या गालावर चापट्या मारत होती, गरजेपेक्षा चार-पाच जास्त. माझी टॉर्च टाकीत पडली होती. खालून अजून उजेड येतोय असं कुणीतरी सांगत होतं.

"वायू आहे," मी म्हणालो. पहिलं वाक्य म्हणून बरं होतं.

"असतोच थोडा," मुकादम म्हणाला. "साहेबांना सवय नाही. त्याला सवय आहे."

"कसली सवय?" ताईने विचारलं. ती खोलीच्या दारात उभी होती.

"याची. या कामाची."

ताई उतरणाऱ्या माणसाकडे वळली. "किती वर्षं झाली तुम्हाला?"

"दीड वर्ष, आजी."

"त्याआधी?"

"त्याआधी मेव्हणा करायचा हे काम. गेल्याच्या गेल्या वर्षी उतरला होता एका हॉटेलच्या मागे."

"मग?"

"मग मी लागलो."

टँकरचं इंजिन तेवढं चालू होतं.

आता मी एक वाक्य म्हणालो ते सांगतो. दुसऱ्या कुणाच्या नावावर घालता आलं असतं, मुकादमाच्या तर सहज खपलं असतं. पण मीच म्हणालो. जमिनीवर पडल्या पडल्या, ज्याने मला कॉलर धरून ओढून काढलं त्याच्या बुटांकडे बघत मी म्हणालो, "त्याला चालत असेल तर… म्हणजे त्याची तयारी असेल, तर आपण कशाला…"

खोली वाचत होती हो. ताईचीच खोली. मी चांगल्यासाठीच म्हणालो, असं मी त्यानंतर बऱ्याच लोकांना सांगून पाहिलं. ऐकून घेतात.

"दोर कोण धरणार?" ताईने विचारलं.

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी पडलेला होतो. मोजणीवाल्यांकडे पाहिलं; त्यांना अचानक आपलं कोसळलेलं कुंपण आठवलं.

ताई जवळ आली. तिने उतरणाऱ्या माणसाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना पाहत आली तसं. मग गळ्यातला टेप काढला.

"हात खाली सोडा," ती म्हणाली. "ताठ उभे राहू नका, नेहमीसारखे राहा."

त्याने हात खाली सोडले. तिने एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप लावला.

"साडेएकोणीस," ती म्हणाली. "झाकणाचं तोंड अठरा. मी रोज पुसते, मला पाठ आहे. तुम्ही आत जाल, एक खांदा आधी घालून. येताना कसे येता?"

"दोन्ही हात वर करायचे. मग वरचा ओढतो."

"हात वर करायला शुद्धीत असावं लागतं ना?"

"हो, आजी."

"आणि नसलात तर?"

प्रश्न त्याला नवीन नव्हता. कुणी त्याच्याकडे बघून विचारला, हे बहुधा नवीन असावं. त्याने कंबरेचा दोर सोडायला घेतला, मग मुकादमाकडे पाहून थांबला.

"घरी कोण कोण आहे?"

"आई, बायको, दोन मुली. आणि मेव्हण्याची बायको."

ताईने टेप गुंडाळला. गुंडाळायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला. मग मुकादमाला म्हणाली, "भिंत पाडा."

"अगं ताई…" मी उठून बसलो.

"तू पडून राहा, छोट्या. अजून डोळे फिरतायत तुझे."

"आजी, विचार करा," मुकादम म्हणाला. "पाडली की परत होत नाही."

"माणूसही परत होत नाही. भिंत पाडा म्हटलं ना. फक्त मला सामान काढायला वेळ द्या."

"किती वेळ?"

"तुमचा टँकर बाहेर नेऊन उभा करेपर्यंत."

*

पस्तीस मिनिटं लागली. अडतीस वर्षांचं सामान पस्तीस मिनिटांत निघालं याचं आम्हालाच वाईट वाटत होतं. तिला वाटत असेल तर तिने ते मशीनच्या खणात ठेवलं असावं. मशीन उतरणाऱ्या माणसाने आणि नळवाल्याने मिळून उचललं. पलंग, कपाट, इस्त्री. कात्र्या तीन. आणि एक मोठी पत्र्याची पेटी, मापांच्या कागदांनी भरलेली. गावातल्या दोन पिढ्यांचे खांदे, कंबरा आणि बाह्या त्या पेटीत होत्या. बायको म्हणाली, "वन्सं, यातले निम्मे तरी आता नाहीत." "म्हणूनच टाकता येत नाहीत," ताई म्हणाली. "परत मापं द्यायला येणार आहेत का?"

आमच्या पुढच्या खोलीत पलंग मावला, मशीन मावलं, पेटी मावली. त्यानंतर आम्ही तिघं मावत नव्हतो. बायकोने दिवाणाचं पांघरूण बदललं आणि न विचारता आपली उशी स्वयंपाकघरात नेली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने मला टोमणा न मारता केलेलं हे दुसरं काम. पहिलं मला आत्ता आठवत नाही.

भिंत तासाभरात पडली, मागोमाग उरलेली खोलीही. ताई ती पडताना पाहायला बाहेर आली नाही. मशीन कुठल्या खिडकीखाली ठेवलं तर उजेड डावीकडून येईल, हे बघत बसली. खिडकी उजवीकडेच होती. दुसरी नव्हती.

यंत्राने फरशी उचलली, गाळ काढला, तळ फोडला. माझी टॉर्चही आली. मुकादमाने ती धुऊन परत द्यायची तयारी दाखवली. नळवाल्याने मलवाहिनीची जोडणी करून दिली. चार ट्रॉली वाळू पडली. उतरणारा माणूस आता फावड्याने वाळू पसरत होता, उघड्या आकाशाखाली, सगळ्या अंगाने जमिनीच्या वर. मधे एकदा ताईने त्याला चहा दिला. "खांद्यात जरा ताणला गेलाय तुमचा शर्ट," ती म्हणाली. "द्या एखाद्या दिवशी. सैल करून ठेवते." तो हसला. त्या साठ दिवसांत आमच्या परसात कुणी हसलं असेल तर तेवढंच.

एकोणसाठाव्या दिवशी सकाळी निरीक्षक आला. फुटलेला तळ त्याने आधीच फोटोत पाहिला होता. आता वाळू पाहिली, पायाने दाबून पाहिली. खोलीच्या जागी पिवळट वाळूचा सपाट चौकोन होता, दहा बाय दहा, एका बाजूने जुन्या भिंतीचा रंग अजून दिसत होता. फिकट हिरवा. ताईने निवडलेला.

"सुंदर काम झालंय," तो म्हणाला. आणि मग मऊपणाने, "एक सांगायला हवं. भरलेल्या टाकीवर पाच वर्षं काही बांधता येत नाही. वाळू बसावी लागते. पाच वर्षांनी परवानगी मागा, खोली पुन्हा बांधायला हरकत नाही. मिळेल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वाळूकडे पाहिलं. मोजणीवाले कुंपणाच्या उरलेल्या भागामागे होते, त्यांनी मोजायचं सोडून दिलं. ताई शहात्तर वर्षांची आहे हे निरीक्षकाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता ते सांगण्यासारखंही नव्हतं. ते दिसत होतं.

ताई पुढे आली. "पाच वर्षं कुठून धरायची? भिंत पडली तिथून?"

"नाही, आजी. दाखल्याच्या तारखेपासून."

"दाखला कधी देता?"

"कार्यालयातून येईल. एकवीस दिवस. कामाचे."

"एकवीस दिवस कशाला?" ताई म्हणाली. "आत्ता द्या. मला थांबायला वेळ नाही."

निरीक्षकाने पिशवीतून दाखल्यांचं पुस्तक काढलं. टेकायला काही नव्हतं, म्हणून तो पुढच्या खोलीत आला आणि शिलाई मशीनच्या फळीवर पुस्तक ठेवून, उभ्याउभ्याच, त्याने दाखला लिहिला. सही केली. शिक्का पिशवीत होताच, शिक्काही मारला. माझ्या संबंध नोकरीत अशी बेकायदा तत्परता मी पाहिली नव्हती. त्याबद्दल कुणी विचारलं तर मी काही पाहिलं नाही.

ताईने चष्मा लावून कागद वाचला. नोटीस वाचली होती तसाच. दोनदा.

"तारीख बरोबर आहे," ती म्हणाली. "वेळही घाला."

"वेळ घालायची पद्धत नाही, आजी."

"घाला. सकाळ आहे अजून. आजचा दिवस माझ्या पाच वर्षांत धरा."

निरीक्षकाने घड्याळात पाहिलं, आणि तारखेच्या शेजारी, बारीक अक्षरात, दहा वाजून वीस मिनिटं असं लिहिलं.